मटण चांगलं की वाईट? रेड मीटबद्दलचा सल्ला सारखा का बदलतो आणि नरखेडच्या ताटाला त्यातलं काय लागू होतं?

धुळवड असो की पोळ्याची कर, नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात त्या दिवशी अनेक घरांत मटण शिजतं. माळकरी आणि शाकाहारी घरं सोडली, तर सणानंतरचा हा रस्सा ठरलेलाच. पण आता ताटाशेजारी मोबाइलही असतो. एक रील सांगतो की मटणानं कॅन्सर होतो. दुसरा सांगतो की मटणासारखं पौष्टिक काहीच नाही. तिसरा म्हणतो, डॉक्टर दर पाच वर्षांनी शब्द फिरवतात, त्यांचं ऐकूच नका.

तिसऱ्या रीलखाली सगळ्यात जास्त लाइक असतील, तर त्यात नवल नाही. 'काल अंडं वाईट होतं, आज चांगलं झालं. उद्या मटणाचंही तेच होईल', ही शंका वेडगळ नाही. सल्ला खरंच बदलला आहे आणि काही वेळा त्यामागे पैशाचे हितसंबंधही होते.

पण या गोंधळाची किंमत दोन टोकांना मोजावी लागते. अंगात रक्त कमी असलेली बाई कॅन्सरच्या भीतीनं मटण सोडते. आणि हृदयविकाराचा पेशंट 'आता सगळं चालतं' म्हणून तर्रीदार रस्सा रोज खायला लागतो. म्हणून नेमकं काय बदललं, का बदललं आणि काय बदललंच नाही, हे समजून घेऊ.

रेड मीट म्हणजे नेमकं काय?

गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, बकरी अशा सस्तन प्राण्यांचं मांस म्हणजे रेड मीट. कोंबडी आणि मासे त्यात येत नाहीत. म्हणजे विदर्भात ज्याला आपण मटण म्हणतो, ते बोकडाचं मांसही रेड मीटच. शिजल्यावर त्याचा रंग कोणताही दिसो.

प्रोसेस्ड मीट ही वेगळी गोष्ट आहे. मीठ लावून, धुरी देऊन किंवा रसायनं घालून टिकवलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

सल्ला कसकसा बदलत गेला?

१९७७ : अमेरिकेत सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीनं देशासाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली. त्यात 'मांस कमी खा' असं थेट म्हटलं होतं. पशुपालन उद्योगानं मोठा विरोध केला. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत भाषा बदलली आणि कमी चरबीचं मांस निवडा, अशा अर्थाचा मऊ सल्ला आला.

२०१५ : जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, प्रोसेस्ड मीट 'कॅन्सरला कारणीभूत' गटात आणि रेड मीट 'बहुधा कारणीभूत' गटात टाकलं.

जानेवारी २०१९ : 'ईट-लॅन्सेट' आयोगानं आरोग्य आणि पर्यावरण दोन्हींचा विचार करून रेड मीट दिवसाला सरासरी १४ ग्रॅमच असावं, असं सुचवलं. म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत.

ऑक्टोबर २०१९ : 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात १४ जणांच्या समितीनं उलटंच सांगितलं. जेवढं रेड मीट खाता तेवढं खात राहायला हरकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जानेवारी २०२६ : अमेरिकेच्या नव्या आहार मार्गदर्शिकेनं प्रथिनांना सगळ्यात वरचं स्थान दिलं आणि त्यात रेड मीटही आलं. 'मटण परत आलं' असे व्हिडिओ यानंतर फिरू लागले.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, यांचं काही ठरलेलं नाही. पण प्रत्येक पायरीवर काय घडलं ते पाहिलं, की चित्र थोडं वेगळं दिसतं.

मटण सिगारेटइतकं घातक आहे का?

२०१५ ची बातमी अनेक ठिकाणी 'मांस सिगारेटइतकंच धोकादायक' अशा मथळ्यानं छापली गेली. हा मथळा चुकीचा होता.

आयएआरसीचे गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. पुरावा किती पक्का आहे, एवढंच सांगतात. तंबाखू आणि प्रोसेस्ड मीट एकाच गटात आहेत, कारण दोन्हींमुळे कॅन्सर होतो याचा पुरावा भक्कम आहे. पण दोन्हींनी होणारं नुकसान सारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंच त्या वेळी दिलेल्या अंदाजानुसार, जगात तंबाखूमुळे कॅन्सरनं वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू होतात, तर प्रोसेस्ड मीट जास्त असलेल्या आहारामुळे सुमारे ३४ हजार.

रेड मीटबद्दलचा आकडाही नीट वाचायला हवा. रोज १०० ग्रॅम रेड मीट खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १७ टक्क्यांनी वाढू शकतो, असं आयएआरसीनं म्हटलं होतं. तेही हा संबंध खरोखर कार्यकारणाचा असल्याचं सिद्ध झालं तर. याचा अर्थ १०० पैकी १७ जणांना कॅन्सर होतो, असा नाही. समजा एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना आयुष्यात हा कॅन्सर होत असेल, तर १७ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६. धोका वाढतो, पण मथळ्यात वाटतो तेवढा नाही.

मग २०१९ मध्ये 'खात राहा' का सांगितलं?

इथे गंमत अशी, की २०१९ च्या समितीकडे पूर्ण वेगळा पुरावा नव्हता. रेड मीट कमी केलं तर धोका थोडा कमी होतो, हे त्यांच्या विश्लेषणातही दिसत होतंच. मतभेद होता तो त्या पुराव्यावर किती भरवसा ठेवायचा, यावर.

समितीचं म्हणणं असं, की फायदा छोटा आहे, पुरावा कमकुवत आहे आणि लोकांना मांस आवडतं. मग सवय बदला असं सांगायला पुरेसं कारण नाही. ही शिफारसही त्यांनी 'कमकुवत' दर्जाची म्हणूनच दिली होती आणि १४ पैकी ३ सदस्यांचं मत वेगळं होतं. पर्यावरणाचा विचार त्यांनी केलाच नव्हता. ईट-लॅन्सेटच्या शिफारशीत मात्र पर्यावरण मध्यभागी होतं. दोघांचे प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरंही वेगळी आली.

२०२६ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेचंही तसंच. मांसाचं चित्र वर गेलं, पण सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तुपासारखी गोठणारी चरबी, दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ही जुनी मर्यादा तशीच राहिली. रील चित्रावर बनले. मर्यादेवर कुणी फारसं बोललं नाही.

अन्नाचा अभ्यास इतका अवघड का?

औषधाची चाचणी करताना एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला साधी गोळी देता येते. मटणाचं तसं करता येत नाही. हजार लोकांना २० वर्षं रोज मटण आणि दुसऱ्या हजारांना २० वर्षं फक्त वरण, असा प्रयोग कोण करणार?

म्हणून संशोधक लोकांना काय खाता ते विचारतात आणि पुढची अनेक वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवतात. यात दोन अडचणी येतात. गेल्या वर्षी किती वेळा मटण खाल्लं, हे कुणालाच नीट आठवत नाही. आणि अमेरिकेत जास्त रेड मीट खाणारे लोक सरासरीनं जास्त सिगारेट ओढतात, कमी व्यायाम करतात, भाज्या कमी खातात. मग नुकसान मांसाचं की बाकीच्या सवयींचं, हे गणितानं वेगळं काढावं लागतं. ते पूर्णपणे वेगळं निघत नाही.

त्यामुळे अन्नाबद्दलचा सल्ला हा बहुतेक वेळा 'आतापर्यंतच्या पुराव्यावरून सगळ्यात बरा अंदाज' असतो. मथळ्यात मात्र तो शेवटचा निकाल म्हणून येतो. पुढचा अंदाज थोडा सरकला, की लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

पैसे कोण देतं, हा प्रश्न बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे. १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा लेख आला. त्यात हृदयविकाराचा दोष साखरेपेक्षा चरबीवर टाकला होता. या लेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेनं पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून उघड झालं.

२०१९ च्या समितीबाबतही असाच प्रश्न आला. समितीचे प्रमुख संशोधक ब्रॅडली जॉन्स्टन यांनी आधी साखरेवरच्या एका अभ्यासासाठी अन्न उद्योगाशी जोडलेल्या संस्थेचा निधी घेतला होता, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'नं समोर आणलं. हा निधी मांसावरच्या अभ्यासासाठी नव्हता आणि जाहीर करण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीच्या बाहेरचा होता, असा त्यांचा खुलासा होता.

पण हाच प्रश्न रील बनवणाऱ्यालाही विचारायला हवा. 'डॉक्टर खोटं बोलतात' म्हणणारा माणूस व्हिडिओच्या शेवटी प्रोटीन पावडरचा डबा विकत असेल, तर पैसे कोण देतं याचं उत्तर तिथेच आहे.

सल्ला बदलल्यानं फायदाही होतो का?

याचं एक मोठं उदाहरण मराठी माणसाचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९५० आणि ६० च्या दशकात जगभरच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं, की गरीब देशांची मुख्य अडचण प्रथिनांची कमतरता आहे.

सुखात्मे यांनी आहाराचे आकडे तपासून वेगळी मांडणी केली. भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. भाकरी आणि वरण पुरेसं मिळालं, तर प्रथिनांचा प्रश्न बराचसा सुटतो. पुढे १९७३ मध्ये एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले. महागड्या प्रोटीन पावडरपेक्षा पोटभर जेवणाकडे लक्ष वळलं.

वनस्पती तुपाचंही तसंच. एकेकाळी साजूक तुपाला स्वस्त आणि चांगला पर्याय म्हणून ते घराघरात गेलं. त्यातलं ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचं नंतर कळलं. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली. 'आधी चांगलं म्हणाले होते' म्हणून कुणी जुन्याच सल्ल्याला चिकटून राहिलं असतं, तर नुकसान त्याचंच झालं असतं.

परदेशातला सल्ला नरखेडला किती लागू होतो?

इथे सगळ्यात महत्त्वाचा फरक येतो. रेड मीटवरचे बरेचसे मोठे अभ्यास अमेरिका आणि युरोपातले आहेत. तिथे अनेक जण जवळपास रोज बीफ, पोर्क, बर्गर, सॉसेज खातात. 'कमी करा' हा सल्ला त्यांच्यासाठी आहे.

आता नरखेडमधल्या पाच माणसांच्या घराचा हिशेब करू. आठवड्यातून एकदा १ किलो मटण आणलं, तर माणशी २०० ग्रॅम, तेही हाडांसकट. शिजल्यावर खाण्याजोगं मांस आणखी कमी भरतं. कॅन्सर प्रतिबंधावर काम करणाऱ्या वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडची मर्यादा आहे आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम शिजवलेलं रेड मीट. म्हणजे हे घर मर्यादेच्या बरंच आत आहे. मटणाचा भाव पाहता बऱ्याच घरांत आठवड्याला एवढंही येत नाही.

मांसही वेगळं आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत रेड मीट म्हणजे बोकडाचं मटण. विदर्भातल्या बेरारी जातीच्या शेळ्या याच पट्ट्यातल्या. बकरीच्या मांसात बीफ किंवा पोर्कपेक्षा चरबी साधारणपणे कमी असते. शिजवलेल्या ८५ ग्रॅम बकरीच्या मांसात ती ३ ग्रॅमहून कमी असते, असं अमेरिकी कृषी खात्याचे आकडे सांगतात. पण हा आकडा निव्वळ मांसाचा आहे. सावजी रश्श्यावर तरंगणारी तर्री त्यात धरलेली नाही.

आशियातले अभ्यास काय सांगतात? बांगलादेश, चीन, जपान, कोरिया आणि तैवान इथल्या सुमारे ३ लाख लोकांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात रेड मीट खाल्ल्यानं मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. या देशांत मांस खाण्याचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी होतं, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. २०२१ मध्ये आलेल्या 'प्युअर' अभ्यासात भारतासह २१ देशांतले १ लाख ३४ हजार लोक होते. त्यातही साध्या रेड मीटचा मृत्यू किंवा हृदयविकाराशी ठळक संबंध आढळला नाही. पण आठवड्याला १५० ग्रॅम किंवा जास्त प्रोसेस्ड मीट खाणाऱ्यांमध्ये, ते अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ५१ टक्क्यांनी जास्त होता.

रक्त वाढवायला मटण खावं का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये ॲनिमिया आहे. भारतीय आहारमानानुसार प्रौढ महिलेला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९.

मटणातलं लोह शरीर डाळी-भाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं. मटणात बी-१२ जीवनसत्त्वही असतं. त्यामुळे मांसाहारी घरात ॲनिमिया असलेल्या बाईनं कॅन्सरच्या रीलमुळे आठवड्याचं मटण सोडण्यात शहाणपण नाही. उलट बऱ्याच घरांत ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि तिच्या ताटात रस्साच उरतो. तिचा वाटा आधी काढून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, फक्त पायाचं सूप पिऊन रक्त वाढत नाही, कारण त्यात लोह फारसं नसतं. कलेजीत भरपूर असतं, पण तिच्यात अ जीवनसत्त्वही खूप असल्यानं गरोदरपणात ती टाळलेली बरी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर मटण हा त्यांना पर्याय नाही.

दुसरी, विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. हा आजार आईवडिलांकडून येतो, लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त असू शकतं. म्हणून 'रक्त कमी आहे, मटण-कलेजी खा' असं सांगण्याआधी तपासणी हवी. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आहे आणि सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत ही तपासणी केली जाते.

तिसरी, मटण न खाणाऱ्या घरांसाठीही रस्ता आहे आणि तो नरखेडच्या बांधावरच आहे. पालेभाजी, डाळ, चणे यांच्यातलं लोह क जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं. जेवणासोबत एक संत्रं खाल्लं, तर ते काम होतं. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र हे शोषण कमी करतो. बी-१२ साठी दूध-दही हवं.

मग इतक्या वर्षांत काय बदललंच नाही?

मथळे बाजूला ठेवले, तर काही गोष्टी बऱ्याच काळापासून तशाच आहेत.

प्रोसेस्ड मीट जितकं कमी तितकं बरं. यावर जवळपास सगळ्या आरोग्य संस्थांचं एकमत आहे. तालुक्याच्या ठिकाणीही आता फ्रोझन सॉसेज आणि नगेट्स मिळू लागले आहेत, त्यामुळे हा मुद्दा फक्त शहराचा राहिलेला नाही.

मांस रोज आणि भरपूर खाण्यापेक्षा अधूनमधून आणि बेतानं खाल्लेलं चांगलं. सोबत भाकरी, डाळ, भाजी, फळ हवंच.

चरबी, तेल आणि मीठ मोजा. बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर मांसाच्या दोन तुकड्यांपेक्षा तर्रीचं तेल आणि रश्श्यातलं मीठ जास्त त्रासाचं ठरू शकतं. किडनीचा आजार किंवा गाऊट असेल, तर किती खायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

थेट आगीवर करपवलेल्या मांसात घातक रसायनं जास्त तयार होतात. त्यानं कॅन्सरचा धोका नेमका किती वाढतो, हे ठरलेलं नाही. पण मंद आचेवर शिजलेला रस्सा या बाबतीत उजवा.

पुढचा रील आला, की काय विचारायचं?

हे बोकडाच्या मटणाबद्दल आहे, की सॉसेज-बेकनबद्दल?

किती खाल्ल्यावर? रोज, की आठवड्यातून एकदा?

टक्केवारी दिली असेल, तर ती कशाच्या तुलनेत? १०० पैकी किती जणांचे किती झाले?

अभ्यास कुठल्या लोकांवर झाला? ते आपल्यासारखं खातात का?

सांगणारा शेवटी काही विकतो आहे का?

या पाच प्रश्नांची उत्तरं व्हिडिओत नसतील, तर तो पाहून घरातलं मटण बंद करायची गरज नाही आणि दुप्पट करायचीही नाही. सल्ला बदलला म्हणून सगळेच खोटं बोलतात असं नसतं. आणि सल्ला नवा आहे म्हणून तो आपल्यासाठीच आहे, असंही नसतं. नरखेडमधल्या एखाद्या घराला ॲनिमियाची काळजी जास्त असेल, शेजारच्या घराला हृदयविकाराची. एकच रील दोन्ही घरांना लागू होणार नाही. आपल्या घराची काळजी कोणती, हे ठरवण्यासाठी हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी या तीन साध्या तपासण्यांपासून सुरुवात करता येते.